पान्ह्याचे नऊ मणी

धाकट्या भावाची म्हैस यंदा तिसऱ्या वेताला व्यायली आणि अकराव्या दिवशी तिचं रेडकू गेलं. तेव्हापासून ती पान्हा चोरते. आंबोणाची पाटी पुढ्यात आली की खाते, सडाला हात लागला की मागचा पाय झाडते, आणि कास तट्ट फुगलेली असूनही चरवीचा तळ जेमतेम झाकेल एवढंच दूध देते. दिवाळीला आम्ही सगळी भावंडं गावी जमलो होतो. पाडव्याच्या संध्याकाळी पलीकडच्या आळीतला एक जण गोठ्याच्या दारात उभा राहून सहज म्हणाला, "बाटली आणून देऊ का एक? टोचली की दोन मिनिटांत मोकळी होते."

ओसरीवरच्या दोघीजणी एकदम ताठ झाल्या. एक माझी थोरली बहीण, अक्का. सरकारी आरोग्य केंद्रांत नर्स म्हणून तेहेतीस वर्षं काढून ती निवृत्त झाली. आसपासच्या गावांतली निम्मी पोरं आपल्याच हातावर जन्मली असं ती सांगते आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नसावी. दुसरी माझी मुलगी. ती मेंदूतल्या पेप्टाइडांवर संशोधन करते. म्हणजे नेमकं काय करते, ते मला सहा वर्षांत नीट कळलेलं नव्हतं. बाटलीत काय असतं ते दोघींनाही न सांगता कळलं. शेजाऱ्याला फराळाची बशी देऊन वाटेला लावलं, विषय मात्र ओसरीवर बसून राहिला. पुढे जे बोलणं झालं ते आठवेल तसं लिहितो.

अक्का – जनावराला टोचून दूध काढणं गुन्हा आहे. प्राण्यांच्या छळाविरुद्धचा कायदा आहे ना, त्याच्या बाराव्या कलमात फुंकून दूध काढणं आणि टोचून दूध काढणं एकाच ओळीत बसवलंय.

मुलगी – गुन्हा आहे आणि असायलाच हवा. पण आत्या, तो खोटं बोलला नाही. टोचलं की ही सोडेल. ऑक्सिटोसिन हिच्या स्वतःच्या मेंदूतही तयार होतंच. सडाला रेडकाचं तोंड लागलं की निरोप पाठीच्या कण्यातून वर हायपोथॅलॅमसमध्ये जातो. तिथल्या पेशींनी बनवलेलं ऑक्सिटोसिन पिट्युटरीच्या मागच्या भागात साठवलेलं असतं, ते रक्तात सुटतं आणि कासेत पोचतं. दुधाच्या बारीक पिशव्यांभोवती जाळीसारख्या पेशी असतात, त्या आवळल्या की दूध खाली उतरतं. गाईच्या कासेत थोडं दूध आधीच खालच्या हौदात आलेलं असतं, ते नुसत्या हातानं ओढता येतं. म्हशीचं जवळजवळ सगळं वरच अडकलेलं. म्हणून म्हैस रुसली की गवळी बुडाला.

अक्का – आणि ही घाबरलीय. रेडकू गेल्यापासून तिला रोज नवा माणूस हात लावतोय.

मुलगी – अगदी बरोबर. १९४१ साली अमेरिकेत दोघांनी धार काढायच्या वेळी गाईच्या पाठीवर मांजर ठेवलं आणि कागदी पिशव्या फोडून आवाज केले. गाईनं दूध रोखलं. भीतीनं अॅड्रेनालिन सुटतं आणि ते ऑक्सिटोसिनच्या आड येतं.

अक्का – पाठीवर मांजर! पगार मिळतो ह्याचा?

(इथे धाकट्याची बायको इतकी हसली की तिच्या हातातली करंजी फुटली.)

मुलगी – मांजराचा ह्या गोष्टीशी संबंध जुना आहे, आत्या. १९०६ साली लंडनमध्ये हेन्री डेल यांनी पिट्युटरीचा अर्क मांजरीला दिला आणि तिचं गर्भाशय आवळलेलं पाहिलं. नाव पडलं ते त्यावरूनच, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ झटपट बाळंतपण. चार वर्षांनी त्याच अर्कानं शेळीला पान्हा फुटला. पण तो पदार्थ काय आहे ते कळायला १९५३ उजाडलं. व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी त्याची घडण उलगडली आणि प्रयोगशाळेत तो बनवूनही दाखवला. १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. नऊ अमिनो आम्लांची माळ. सहा मण्यांचं कडं, तीन मण्यांचं शेपूट. त्यातले दोन मणी बदलले की व्हॅसोप्रेसिन होतं, जे मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवायला सांगतं.

अक्का – थांब. म्हणून बाईला ड्रिप फार वेळ चालली की अंगात पाणी साठतं?

मुलगी – म्हणूनच. माळा इतक्या सारख्या की जास्त झालं की एक दुसरीचं काम करू लागते.

अक्का – तेहेतीस वर्षं मी सलाइनला दोष देत होते.

पिट्युटरीला आपल्या शाळेच्या पुस्तकात पीयूषिका म्हणतात, ते मला ह्या वेळी आठवलं. पीयूष म्हणजे अमृत, एवढंच आपल्याला माहीत असतं. पण संस्कृतात व्यायलेल्या गाईच्या पहिल्या काही दिवसांच्या दुधालाही पीयूष म्हणतात, म्हणजे आपण ज्याचा खरवस करतो तो चीक. ज्या ग्रंथीतून पान्ह्याचा निरोप सुटतो तिला चिकाचं नाव! मी हे मोठ्या उत्साहानं सांगितलं. दोघींनी ऐकून घेतलं आणि पुन्हा एकमेकींकडे वळल्या.

अक्का – मला माळ सांगू नकोस. मी ते दोन ते आठ अंशांत ठेवायचं औषध म्हणून ओळखते. उन्हाळ्यात लाइट गेली की माझा जीव त्या फ्रिजमध्ये. मूल बाहेर आलं की मिनिटाच्या आत मांडीत दहा युनिट. मग पोटावर हात ठेवायचा. आधी कणकेच्या गोळ्यासारखं लागतं, मग हाताखाली ते घट्ट होत जातं, क्रिकेटच्या चेंडूसारखं. ते घट्ट झालं की वार पडते, रक्त थांबतं. नाही झालं तर बाई डोळ्यांदेखत पांढरी पडते. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावानं जगात सगळ्यात जास्त बाळंतिणी जातात. त्यांच्या आणि मरणाच्या मध्ये हे नऊ मणी उभे असतात, आणि तेच हा माणूस बिनलेबलाच्या बाटलीतून म्हशीला द्यायला निघालाय.

मुलगी – ह्यावर माझं काहीच म्हणणं नाही.

अक्का – आणि मूल व्हायच्या आधी कुणी दंडात टोचलं तर तेच औषध जीव घेतं. कळा वाढाव्यात म्हणून घरी येऊन टोचून जाणारे होते पूर्वी. थेंब मोजून ड्रिपमधून द्यायची वस्तू ती. दंडात एकदा गेली की परत काढता येत नाही. अशी एक पोर बैलगाडीतून आणली होती माझ्याकडे... जाऊ दे. दिवाळी आहे.

अक्का थोडा वेळ गप्प राहिली. मग तिनं जे म्हटलं त्यावरून खरा वाद सुरू झाला.

अक्का – पण मी औषधाच्या आधीचंही पाहिलंय. मूल आईच्या पोटावर ठेवलं, छातीला लावलं, की सुईशिवायही पोट आवळतं. बायांना दूध पाजताना पहिले चार दिवस पोटात कळ येते ती हीच. मूल लांब नेऊन ठेवलं तर नाही येत. म्हणजे माया लागली की दूध उतरतं, दूध उतरलं की रक्त थांबतं. ओघ एकच. आपल्याकडे म्हणूनच शब्द एक आहे. गाईला पान्हा फुटतो, आईलाही फुटतो, आणि बारा वर्षांनी लेक घरी आला तर सत्तर वर्षांच्या म्हातारीलाही फुटतो. तुमचं विज्ञान आता आलं तिथं आपली भाषा आधीच बसलेली होती.

मुलगी – हेच, आत्या, हेच. शब्द एक आहे म्हणून वस्तूही एकच, असं धरून चालायचं आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. इंग्रजीत तर पान्हा हा शब्दही नाही, तरी त्यांनी तोच घोटाळा केला. ऑक्सिटोसिनला प्रेमाचं संप्रेरक म्हणायला लागले. वीस सेकंद मिठी मारा, कुत्र्याच्या डोळ्यांत पाहा, आणि प्रेमाचा रेणू वाढवा! बाटल्या विकतात इंटरनेटवर, अंगाला फवारायच्या. लोक तुमच्यावर विश्वास ठेवतील म्हणे.

अक्का – ठेवतात का?

मुलगी – ऐक. २००५ साली झुरिकमध्ये एक प्रयोग झाला. काही पुरुषांच्या नाकात ऑक्सिटोसिनचा फवारा मारला, काहींच्या नाकात बिनऔषधाचा. मग पैशांचा खेळ. अनोळखी माणसाच्या हवाली किती रक्कम करायची ते ज्याचं त्यानं ठरवायचं. परत देणं न देणं त्या अनोळखी माणसाची मर्जी. ऑक्सिटोसिनवाल्या २९ जणांपैकी १३ जणांनी सगळी रक्कम देऊन टाकली, बिनऔषधाच्या २९ पैकी सहा जणांनी. 'नेचर'मध्ये निबंध आला आणि जगभर डंका वाजला, विश्वासाचा रेणू सापडला म्हणून.

अक्का – तेरा आणि सहा. एवढ्यावर?

मुलगी – एवढ्यावर. २०२० मध्ये ६७७ जण घेऊन नीट, आधी सगळं जाहीर करून, तोच प्रयोग पुन्हा केला. फवाऱ्यानं विश्वास काही वाढला नाही. स्वमग्न मुलांचं तर त्याहून वाईट वाटतं. आईबापांना केवढी आशा होती! २९० मुलांना चोवीस आठवडे रोज फवारा दिला, २०२१ मध्ये निकाल आला. खऱ्या औषधात आणि खोट्यात फरक नाही. मुळात नाकात मारलेलं त्यातलं कितीसं मेंदूत पोचतं ह्यावरच भांडण आहे. रक्त आणि मेंदू यांच्यात बारीक चाळण असते, ती असल्या माळांना सहजी आत घेत नाही. तुझं इंजेक्शन मांडीत जातं ना, त्यानं गर्भाशय आवळतं, पण ते मेंदूत जाऊन माया उत्पन्न करत नाही. रक्तातही ते काही मिनिटंच टिकतं.

अक्का – मी कधी म्हटलं, इंजेक्शननं माया येते? तसं असतं तर आमच्या केंद्रातून सगळ्या सासवा टोचून परत पाठवल्या असत्या.

मी – ह्या फवाऱ्यानं निदान कुणाचं वाईट तर होत नाही?

मुलगी – बाबा, तेही सांगते. ॲम्स्टरडॅममध्ये २०१० च्या सुमारास असेच फवारे मारून गटागटांचे खेळ लावले. ऑक्सिटोसिन हुंगलेली माणसं आपल्या गटाशी जास्त उदार झाली, आणि बाहेरच्याकडून धोका दिसला की आपल्यांसाठी त्याच्यावर आधीच वार करायला तयार. म्हणजे जगावर प्रेम करायला लावणारं काही नाही त्यात. आपलं-परकं अधिक ठळक होतं.

अक्का – ह्याला ॲम्स्टरडॅम कशाला हवं? व्यायलेल्या म्हशीजवळ कुत्रं जाऊ दे. एरवी शेपटीनं माशी न हाकणारी शिंगावर घेते. माया म्हणजे गोड बोलणं, हे शहरातल्या लोकांनी ठरवलं. बाळंतिणीच्या खोलीत अनोळखी माणूस शिरला तर तिचे डोळे पाहा कसे होतात.

ह्या ठिकाणी मुलीनं वहीत काहीतरी लिहून घेतलं. संशोधकांची ही सवय मला आवडते. भांडत असतानाही त्यांना दुसऱ्याचं वाक्य उपयोगी वाटतं.

मुलगी – ठीक आहे, मग तुझा एकच ओघ आहे ना, तो मी तोडून दाखवते. १९९६ साली उंदरांच्या एका जातीतून ऑक्सिटोसिनचं जनुकच काढून टाकलं. थेंबभरही तयार होणार नाही. तुझ्या हिशोबानं काय व्हायला हवं?

अक्का – बाळंतपण अडेल. दूध येणार नाही. पिलांकडे बघणार नाही.

मुलगी – बाळंतपण सुरळीत झालं.

अक्का – झालं?

मुलगी – वेळेवर, बिनबोभाट. निसर्गानं तिथं दुसरे रस्तेही ठेवलेत. आणि पिलांकडे बघण्यात काही कसूर नाही. गोळा करायची, चाटायची, अंगाखाली घ्यायची. पिलं आचळांना लागत, ओढत. पण दूध आत भरलेलं असूनही थेंब बाहेर येईना. पिलं मेली. त्या आयांना बाहेरून ऑक्सिटोसिन टोचलं तेव्हा मात्र दूध आलं. आता सांग. माया होती, पान्हा नव्हता. एका शब्दात बांधलेल्या दोन गोष्टी तिथं सुट्या झाल्या.

बराच वेळ कोणी बोललं नाही. आतल्या खोलीत धाकट्याची सून होती, दुसरं बाळंतपण म्हणून सासरीच. बाळ सव्वा महिन्याचं. ती दाराशी येऊन ऐकत होती, आणि पिलं मेली म्हटल्यावर परत आत गेली.

अक्का – बिचाऱ्या उंदरिणी. चाटत बसल्या असतील.

मुलगी – हो.

अक्का – पण त्यांना ते जन्मापासून नव्हतंच ना? आंधळा माणूस कानांनी घर ओळखतो. त्यावरून डोळ्यांचा घर ओळखण्याशी संबंध नाही असं म्हणशील?

मी मुलीकडे पाहिलं. मला वाटलं होतं अक्का हरली. मुलगी हसत होती.

मुलगी – हा आक्षेप आमच्यातले लोकही घेतात. अमेरिकेच्या गवताळ रानात प्रेअरी व्होल नावाचा उंदरासारखा प्राणी आहे, नर-मादी जोडीनं राहतात. नव्वदच्या दशकात मादीच्या मेंदूत ऑक्सिटोसिन सोडलं तर नराशी संग न होताही ती त्याला धरून राहायची. ह्या एका प्राण्यावर प्रेमाच्या रसायनाची सगळी पुराणं रचली गेली. मग २०२३ मध्ये ऑक्सिटोसिन ओळखणारी ग्राहीच जनुकातून काढून टाकलेले व्होल तयार केले. तरीही जोड्या जुळल्या. काही माद्यांनी पिलंही वाढवली, थोडी कमी, थोडी हलकी. तेव्हा लोक तुझंच वाक्य बोलले, की जन्मापासून नसेल तर मेंदू दुसरा रस्ता काढतो.

अक्का – मग रस्ता होता तेव्हा त्यावरून काय जात होतं ते सांग. नसताना काय झालं, हेच किती वेळ सांगशील?

मला वाटतं सगळ्या संध्याकाळीतला हा सर्वांत चांगला प्रश्न होता, आणि मुलीचाही आवाज इथून बदलला. आधी ती खोडून काढत होती, आता दाखवू लागली.

मुलगी – हे बघ. मेंदूत बहुतेक निरोप पत्रासारखे जातात. एका पेशीनं दुसरीच्या हातात द्यायचे, मध्ये केसाहून बारीक फट. पेप्टाइड म्हणजे दवंडी. ज्याच्या कानाला ग्राही आहे त्यानं ऐकावी. ऑक्सिटोसिनच्या पेशी फार नाहीत, पण पाजणाऱ्या उंदरिणीत त्या सगळ्या मिळून, एका क्षणी, दोन-तीन सेकंद एकदम पेटतात. मग काही मिनिटं शांत. पुन्हा एकदम. एरवी त्या पेशींच्या मध्ये आधाराच्या पेशींचा आडोसा असतो. बाळंतपणाच्या दिवसांत तो बाजूला सरतो आणि त्या एकमेकींना खेटून बसतात. दूध तुटलं की आडोसा परत येतो.

अक्का – आतसुद्धा बाळंतिणीची खोली लागते म्हणायची.

मुलगी – आणि दवंडीत काय सांगतात ते थोडंसं कळलंय. उंदराचं पिलू घरट्याबाहेर पडलं की बारीक ओरडतं, आपल्याला ऐकूही येत नाही इतकं वरच्या पट्टीत. आई धावत जाऊन तोंडात धरून आणते. न व्यायलेली मादी ढिम्म. तिला आवाज जातो, पण तो तिच्यासाठी कचरा असतो. न्यूयॉर्कमध्ये २०१५ साली अशा मादीच्या मेंदूत, डाव्या बाजूला, आवाज ओळखणाऱ्या भागात ऑक्सिटोसिन सोडलं. ती पिलं उचलून आणायला शिकली, न सोडलेल्यांपेक्षा लवकर. त्या भागातल्या पेशींची त्या रडण्याशी तार जुळत गेली. म्हणजे ऑक्सिटोसिननं तिला प्रेम दिलं, असं मी म्हणणार नाही. त्यानं आवाज मोठा केला. बाकीचं ती करते.

अक्का – उजव्या बाजूला सोडलं तर?

मुलगी – डाव्या बाजूचा हा भाग जास्त कामाचा. आणि तुला आवडेल अशी पुढची गोष्ट. २०२१ मध्ये त्याच लोकांनी पाहिलं की आई उंदरीण स्वतः त्या न व्यायलेल्या मादीला घरट्याकडे रेटत नेते. नुसतं आईला पिलं उचलताना पाहूनही तिच्या ऑक्सिटोसिनच्या पेशी जाग्या होतात, आणि मग ती शिकते.

अक्का – सुईणी अशाच तयार होत. आईच्या, सासूच्या मागे उभं राहून. आणि आमच्या आरोग्य केंद्रात नव्या आलेल्या पोरी पहिल्या महिन्यात रडणं ऐकून कावऱ्याबावऱ्या व्हायच्या, नंतर चार पाळण्यांतलं कोणतं पोर कशासाठी रडतंय ते पाठमोऱ्या सांगायच्या. कुठं काय सोडलं होतं त्यांच्या डोक्यात?

मुलगी – तेच मी शोधतेय. म्हणजे, उंदरांत.

मग बोलणं परत म्हशीवर आलं, कारण धाकट्यानं आंबोण कालवायला घेतलं. आमच्या वडिलांच्या वेळी रेडकू गेलं की गवळी त्याच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढे उभं करत. मी लहानपणी ते पाहिलं आहे, आणि ते डोळे नसलेलं रेडकू कित्येक दिवस माझ्या स्वप्नात यायचं. म्हैस मात्र त्याला चाटायची आणि पान्हा सोडायची.

मुलगी – बघ, आत्या. पेंढ्यावर माया करते का कुणी? वास ओळखीचा, वेळ ओळखीची, एवढं पुरतं. कित्येक गाई चरवीच्या आवाजानंही सोडतात. ती सवय आहे.

अक्का – तू म्हशीला विचारलंस?

मुलगी – नाही.

अक्का – तिला ते पेंढ्याचं वाटतं, हे तू ठरवलंस. मला एवढंच दिसतं, की पान्हा फुटायला समोर कुणीतरी लागतं. खरं असो, खोटं असो, वास असो. एकटीला फुटत नाही. त्या माणसाच्या बाटलीत समोरचं कुणी नाही. बाटलीत आवळणं आहे, पान्हा नाही. माझ्याही बाटलीत तेवढंच होतं. जीव वाचवायला आवळणं पुरतं, म्हणून मी तिला हात जोडते. पण दोन्हींना एक नाव मी देत नाही. तू उगाच मला त्या फवारेवाल्यांत बसवलंस.

मुलीला ह्यावर लगेच उत्तर सुचलं नाही. मलाही. संध्याकाळभर अक्का सगळं एक आहे म्हणते आणि मुलगी दोन म्हणते असं मी धरून चाललो होतो, आणि आता चरवीचे दोन कान दोघींनी धरलेले दिसत होते.

धाकट्याच्या बायकोनं विचारलं, असल्या दुधानं मुली लवकर वयात येतात म्हणतात, ते खरं का? मुलगी म्हणाली, पेप्टाइड पोटात गेलं की पचतं, म्हणून तर ते गोळीनं न देता सुईनं द्यावं लागतं. ह्या भीतीला शास्त्राचा आधार नाही. हाल व्हायचे ते म्हशीचे होतात, पिणाऱ्याचे नव्हेत. अक्कानं ह्या भीतीची दुसरी बाजू सांगितली. गोठ्यातला गैरवापर थांबावा म्हणून २०१८ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं अधिसूचना काढली, की देशात वापरायचं ऑक्सिटोसिन खासगी कंपन्यांनी बनवायचं नाही, कर्नाटकातल्या एकाच सरकारी कंपनीनं बनवायचं. डॉक्टर लोक हादरले. एकाच कारखान्यातून अख्ख्या देशाच्या बाळंतिणींना पुरवठा! डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयानं ती अधिसूचना रद्द केली, पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. "गवळ्याला धरायचं सोडून बाळंतिणीचं औषध धरलं," अक्का म्हणाली. तेव्हा ती नोकरीत नव्हती, तरी महिनाभर रोज जुन्या केंद्रात फोन करून साठा किती आहे विचारायची.

अंधार पडला तशी अक्कानं साडीचा पदर खोचला. रेडकू ज्यावर निजायचं ते पोतं कुठं आहे, असं तिनं धाकट्याला विचारलं. ते कुणी फेकलं नव्हतं, वैरणीच्या माळ्यावर होतं. तिनं ते म्हशीच्या पुढ्यात टाकलं, आंबोणाची पाटी त्यावर ठेवली, आणि धार काढणाऱ्या गड्याला बाहेर जायला सांगून धाकट्याच्या बायकोलाच सडाशी बसवलं. "आजपासून हिचाच हात. रोज हाच, ह्याच वेळी. पंधरा दिवस कुणी मध्ये यायचं नाही." बल्ब मालवायला लावला. मुलगी आणि मी दाराशी उभे. म्हशीनं पाटीकडे न बघता पोतं हुंगलं. खूप वेळ हुंगत राहिली. चरवीत पहिल्या धारेचा आवाज आला तो कोरडा, मग थांबला. पुन्हा हात फिरला. मग हळूहळू आवाज भरत गेला, फेसावर फेस पडतो तसा. निम्मी चरवीही झाली नसेल.

"वास," मुलगी माझ्या कानाशी म्हणाली. "घ्राणेंद्रियाचा रस्ता."

अक्कानं अंधारातून तिला गप्प केलं.

तेवढ्यात मुलगी एकदम वळली आणि अंगण ओलांडून घराकडे धावली. मला काही ऐकू आलं नव्हतं. आम्ही आत गेलो तेव्हा सून न्हाणीघरातून ओले हात पुसत बाहेर येत होती, तिच्या ब्लाउजवर दुधाचे दोन ओले डाग पसरले होते, आणि माझी मुलगी बाळाला खांद्यावर घेऊन पाठीवर थोपटत उभी होती, जरा अवघडून, मान कशी धरायची ते न कळून.

अक्कानं बाळाच्या मानेखाली तिचा तळहात नीट लावून दिला आणि विचारलं, "कुठल्या कानानं ऐकलंस गं?"

मुलगी विचारात पडली.

"डावी बाजू," ती म्हणाली, "म्हणजे... उजव्या."